महापालिकेच्या शाळेतलं काम मार्गी कसं लावायचं: नव्या पालक सदस्यांसाठी

मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नाही. मुख्याध्यापक म्हणतात, "वर कळवलंय." शिक्षण विभाग म्हणतो, "ते बांधकामाकडे येतं." बांधकामवाले म्हणतात, "यंदा तरतूद नाही." मग चार पालक मिळून महापौरांना निवेदन देतात, फोटो निघतो, फोटो ग्रुपवर फिरतो. कडी काही बसत नाही.

बहुतेक वेळा यात कुणीच खोटं बोलत नसतं. निवेदन चुकीच्या टेबलावर, चुकीच्या महिन्यात गेलेलं असतं आणि त्याला जोडलेला कागदही कुठल्याच फायलीत बसणारा नसतो. महाराष्ट्रातल्या महापालिका आणि नगरपरिषदांच्या शाळांत जे पालक पहिल्यांदाच शाळा व्यवस्थापन समितीवर आलेत, त्यांच्यासाठी ही वाट पायरीपायरीने.

१. शाळा नक्की कोणाची ते बघा

शहरात आहे म्हणजे महापालिकेची, असं समजू नका. अनुदानित खासगी शाळा संस्थेची असते. नव्याने झालेल्या नगरपंचायतींच्या हद्दीत जिल्हा परिषदेच्याच शाळा चालू असतात. पुण्याच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं आली. अशा गावांत इमारत, शिक्षक आणि निधी एकाच दिवशी इकडून तिकडे जात नाहीत. तिथे पहिला प्रश्न हाच: हस्तांतरण झालंय का, आणि कशाकशाचं?

शाळेचा यू-डायस क्रमांक (शाळांच्या सरकारी माहिती नोंदणीतला क्रमांक) ११ अंकी असतो आणि महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो. यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर तो टाकला की शाळेचं पत्रक उघडतं: व्यवस्थापन, पट, शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृहं, पाण्याची सोय. त्याची प्रत काढा आणि ती हातात घेऊन शाळेत एक फेरी मारा. पत्रकात मुलींची वापरातली स्वच्छतागृहं चार आणि प्रत्यक्षात उघडतं एकच, असं निघालं तर तो तुमचा पहिला पुरावा. ही माहिती शाळाच भरते, हेही लक्षात असू द्या. मुख्याध्यापकांना कोंडीत पकडायला ती वापरू नका. पुढच्या वेळी खरी भरा, एवढं सांगितलं तरी पुरे, कारण वरून पैसे वाटताना हेच आकडे बघतात.

मुंबईत आणखी एक गुंता असतो. महापालिका आठ भाषांतून शाळा चालवते आणि एकाच इमारतीत मराठी, हिंदी, उर्दू अशा तीन शाळा नांदतात. मुख्याध्यापक तीन, समित्या तीन, जिना आणि स्वच्छतागृह मात्र एकच. तिथे एका समितीचा ठराव पुरत नाही. तिन्ही समित्यांचे एकाच मजकुराचे ठराव घ्या, नाहीतर 'ते त्यांच्या शाळेचं' हे उत्तर ठरलेलं.

२. कोणाच्या हातात काय आहे

महापौर हे शहराचे प्रथम नागरिक. नगरसेवक त्यांना अडीच वर्षांसाठी निवडतात आणि ते सभागृहाचं कामकाज चालवतात. पण मुंबईबाहेरच्या महापालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या अधिनियमात कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत, आणि मुंबईच्या १८८८ च्या कायद्याची घडणही तशीच आहे. फायलीवर मंजुरीची सही आयुक्तांची किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची. महापौर बैठक लावू शकतात, अधिकाऱ्यांना बोलावून विचारू शकतात, विषय सभेत आणू शकतात. अडलेली फाईल हलवायला त्याचा उपयोग होतो, पण फाईलच नसेल तर महापौरही काय हलवणार?

पैशाची दोरी स्थायी समितीकडे. मुंबईबाहेर ती १६ जणांची असते. मुंबईत शिक्षण समिती ही कायद्याने वेगळी आहे आणि शिक्षणाचं अंदाजपत्रकही वेगळं मांडलं जातं. इतर ठिकाणची जुनी शिक्षण मंडळं आता राहिलेली नाहीत. प्रशासनाच्या बाजूने शिक्षणाधिकारी, शिक्षणप्रमुख किंवा प्रशासकीय अधिकारी असतात. गावागणिक पदनाम बदलतं, म्हणून पत्रावर पदनाम टाकण्याआधी त्यांच्या दारावरची पाटी वाचा.

नगरपरिषदेत चित्र थोडं निराळं. नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडून येतात, प्रशासनाचे प्रमुख मुख्याधिकारी, आणि शिक्षण, क्रीडा व सांस्कृतिक कार्याची विषय समिती असते. कार्यालय लहान, माणसं ओळखीची, त्यामुळे काम लवकर होतं. लवकर बिघडतं तेही त्यामुळेच.

बऱ्याच महापालिकांत २०२२ पासून प्रशासकच कारभार बघत होते. २९ महापालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. त्यामुळे तुमचे नगरसेवक कदाचित तुमच्याइतकेच नवे असतील. मुंबईत प्रभागाला एकच नगरसेवक, बाकी बहुतेक शहरांत चार. चौघांनाही एकच पत्र, एकाच दिवशी द्या. एकालाच दिलंत की उरलेले तिघं ते काम त्याचं मानतात.

३. समिती आधी कागदावर उभी करा

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यातल्या कलम २१ प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे समिती १२ ते १६ जणांची, अध्यक्ष पालकांमधून, मुख्याध्यापक सदस्य सचिव, बैठक महिन्यातून किमान एकदा, आणि दर दोन वर्षांनी नवी निवड. स्थानिक प्राधिकरणाचा एक निवडून आलेला प्रतिनिधीही असतो. प्रशासकाच्या काळात ही खुर्ची रिकामी होती. ती भरली गेलीय का, ते आता तपासा.

सगळ्यात मोठा सापळा इथेच आहे. पुष्कळ शाळांत बैठक होत नाही, इतिवृत्ताची वही मात्र पूर्ण भरलेली असते. मुलाच्या हाती वही घरी येते आणि आई स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवून सही करते. तुम्ही अशी सही केलीत तर त्या पानावर काय लिहिलंय त्याला तुम्हीही जबाबदार. वही शाळेतच, वाचून, खालच्या रिकाम्या ओळी आडव्या रेघेने बंद करून सही करा. निवड ज्या पालकसभेत झाली तिच्या इतिवृत्ताची प्रतही काढून ठेवा. कधीतरी कुणी "तुमची समितीच वैध नाही" म्हणालं की ती लागते.

४. हे काम शाळेच्या पातळीवरच होण्यासारखं आहे का?

कडीला महापौर लागत नाहीत. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला दरवर्षी संयुक्त शाळा अनुदान येतं. पट ३० पर्यंत असेल तर १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, १,००० पर्यंत ७५,००० आणि त्यापुढे १ लाख, असे त्याचे टप्पे आहेत. किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. कडी, नळ, बल्ब, फळ्याचा रंग, झाकणाची बादली हे सगळं यातच बसतं. हप्ता बऱ्याचदा वर्ष सरत आल्यावर येतो आणि घाईघाईने खर्ची पडतो, म्हणून काय घ्यायचं याची यादी समितीने आधीच ठरावात घालून ठेवा.

देणगीतून किंवा एखाद्या कंपनीकडून वस्तू मिळणार असेल तर आधी शिक्षण विभागाची लेखी परवानगी, मग वस्तू, आणि लगेच जडवस्तू नोंदवहीत नोंद. नोंद नसलेलं पाणी शुद्धीकरण यंत्र वर्षभरात बंद पडतं. दुरुस्तीला पैसे मागायला गेलात की कार्यालय विचारतं, कुठलं यंत्र?

५. ठराव लिहा, निवेदन नको

निवेदन कुणीही देऊ शकतं. ठराव मात्र कायद्याने नेमलेल्या समितीचा असतो, आणि त्याचं उत्तर द्यावं लागतं. मजकूर मोजूनमापून लिहा. "शाळेत सुविधांचा अभाव आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी" या वाक्यावर जगातला कुठलाही अभियंता अंदाज काढू शकत नाही. त्याऐवजी असं लिहा:

"तळमजल्यावरील मुलींच्या स्वच्छतागृहातील ४ पैकी ३ भांडी वापरात नाहीत. २ दारे निखळली आहेत. गच्चीवरील टाकीतून येणारी नळजोडणी तुटली असल्याने पाणी येत नाही. मुलींचा पट १८६. सबब या स्वच्छतागृहाची दुरुस्ती, नळजोडणी व दररोज दोन वेळा सफाई यांसाठी अंदाजपत्रकात तरतूद करावी, असा ठराव एकमताने मंजूर."

सूचक, अनुमोदक, तारीख, हजर सदस्यांच्या सह्या. शेवटी मुख्याध्यापकांकडून सत्यप्रत.

पत्र मात्र समितीच्या अध्यक्षांच्या सहीने पाठवा. मुख्याध्यापक नोकर माणूस, त्यांचं पत्र पर्यवेक्षक, मग प्रशासकीय अधिकारी, मग पुढे असंच जाणार. वाटेत ते थांबलं तर त्यांना वरच्यांना जाब विचारता येत नाही. तुम्हाला येतो. त्यांनी सत्यप्रत दिली म्हणजे त्यांचं काम झालं, त्यांना आणखी पुढे ढकलू नका.

जोडायचे कागद असे:

- ठरावाची सत्यप्रत आणि समिती निवडीच्या इतिवृत्ताची प्रत
- यू-डायस पत्रकाची प्रत, चुकीच्या नोंदींवर खूण करून
- तारीख दिसणारे फोटो, प्रत्येकाखाली जागा लिहून (मुलांचे चेहरे नकोत)
- आधीच्या पत्रांच्या पोच
- इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट झाल्याची विचारणा करणारं वेगळं पत्र

पत्राच्या दोन प्रती न्या. एक आवक-जावक टेबलावर द्यायची, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्यायची. साहेबांच्या हातात दिलेलं पत्र साहेबांच्या हातातच राहतं, आवक क्रमांक नाही म्हणजे कार्यालयाच्या लेखी ते आलेलंच नाही. साहेबांना भेटा जरूर, पण पोच घेऊन झाल्यावर.

६. एकाच कामाचे तुकडे ओळखा

स्वच्छतागृह दुरुस्त झालं आणि तीन महिन्यांत पुन्हा बंद पडलं, हे इतक्या ठिकाणी घडतं की त्याचं कारण नीट समजून घ्यायला हवं. फरशी, दारं आणि भांडी भवन किंवा बांधकाम विभागाची. टाकीपर्यंतचं पाणी पाणीपुरवठ्याचं. तुंबलेली वाहिनी मलनिस्सारणाची. पंपाची मोटर आणि दिवे विद्युत विभागाचे. सफाई कामगार घनकचरा विभागाचा, नाहीतर ठेकेदाराचा. अभियंता आपल्या वाट्याच्या चकचकीत फरश्या बसवून बिल काढतो. पाणी नसतं, भांडी घाण होतात, वास सुटतो, मग शाळा कुलूप लावते. फरशी मात्र नवीच असते.

म्हणून मुख्य पत्र शिक्षण विभागाला आणि प्रत्येक विभागाला त्याच्या तुकड्याची प्रत द्या. कनिष्ठ अभियंत्याला एकदा प्रत्यक्ष पाहणीला बोलवा, शक्यतो मधल्या सुट्टीत, म्हणजे रांग दिसेल. पाहणीत त्याच्याबरोबर फिरून तीन गोष्टी दाखवा: टाकी किती लिटरची आणि ती दिवसाला किती वेळा भरते, वाहिनी कुठे तुंबते, दार आत उघडतं की बाहेर. दार आत उघडत असेल आणि जागा अरुंद असेल तर पाचवीतली मुलगी दप्तरासकट आत मावत नाही. हे नकाशावर दिसत नाही.

७. महिना चुकवू नका

आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, पण पुढच्या वर्षाच्या मागण्या विभाग दिवाळीच्या आगेमागे गोळा करायला लागतात. आयुक्त हिवाळ्याच्या अखेरीस अंदाजपत्रक स्थायी समितीला मांडतात, तिथे फेरफार होतात, मग सर्वसाधारण सभा. तिला कुठे मुख्य सभा म्हणतात, कुठे महासभा. जूनमध्ये गळती दिसली म्हणून जूनमध्ये पत्र दिलंत तर उत्तर 'तरतूद नाही' हेच येणार, आणि ते बरोबरही असतं. पावसाळ्यात फोटो काढा, ऑगस्टमध्ये ठराव घ्या, सप्टेंबर संपायच्या आत पत्र आत गेलेलं असू दे.

तरतूद मिळाली की पुढची साखळी अशी: अभियंता पूर्वगणनपत्रक (कामाच्या खर्चाचा अंदाज) करतो, मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश. प्रत्येक टप्प्यावर फाईल महिनाभर सहज बसते. एप्रिलमध्ये सुरुवात केली तर मे महिन्याची सुट्टी हातची जाते आणि पावसात, शाळा भरलेली असताना खोदकाम सुरू होतं. पूर्वगणनपत्रक मार्चमध्येच तयार करून ठेवायला सांगा. ते तयार असल्याचा आणखी एक फायदा आहे. वर्षअखेरीस दुसऱ्या कामांची न वापरलेली रक्कम वर्गीकरणाने वळवायची वेळ येते, तेव्हा ज्याचा कागद तयार त्याचा नंबर लागतो. अंदाजपत्रकाच्या पुस्तकात तुमच्या कामाचं लेखाशीर्ष (ज्या खात्यावर खर्च पडतो ते) शोधा आणि पुढच्या प्रत्येक पत्रात लिहा. आकड्यासकट लेखाशीर्ष लिहिलेलं पत्र लिपिक वेगळ्या नजरेने वाचतो.

आचारसंहिता लागली की नवीन कामं थांबतात, आधीच चालू झालेली चालू राहतात. निवडणूक जवळ असेल तर कार्यादेशावर लक्ष ठेवा.

८. नगरसेवकांकडे काय मागायचं

आपल्या निधीतून नगरसेवक शाळेला काहीतरी देतात, ते बहुधा रंगरंगोटी असतं, कमान असते किंवा नावाची पाटी ज्यावर मावेल असं दुसरं काही. घ्या, नाही म्हणू नका. मात्र खरी मागणी वेगळी करा: सभागृहात लेखी प्रश्न. 'प्रभागातील महापालिका शाळांत मुलींची स्वच्छतागृहे किती, वापरात किती, दुरुस्तीवर गेल्या तीन वर्षांत खर्च किती?' या प्रश्नाचं उत्तर प्रशासनाला लेखी द्यावं लागतं, आणि ते उत्तर तुमच्या फाईलचा पाया होतं. प्रश्नाचा मजकूर तुम्हीच टाईप करून द्या. प्रभाग समितीच्या बैठकीची तारीखही क्षेत्रीय किंवा विभाग कार्यालयात विचारून ठेवा.

९. शिक्षक कमी असतील तर

ही फाईल पूर्ण वेगळी, महापालिकेपुरती नाही. पहिली ते पाचवीला शिक्षण हक्क कायद्याचं प्रमाण असं: ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ९० पर्यंत ३, १२० पर्यंत ४, २०० पर्यंत ५. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे किमान एक. मंजूर पदं ठरतात संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या सरकारी मान्यतेत), आणि ती ३० सप्टेंबरच्या पटावर. ज्या मुलांचं आधार जुळत नाही ती मोजणीतून गळू शकतात. म्हणून ऑगस्टमध्येच मुख्याध्यापकांना विचारा: आधार न जुळलेली मुलं किती? नावातलं एखादं अक्षर, जन्मतारखेतला एखादा आकडा, एवढ्यावर एक पद जातं. त्या घरी जाऊन पालकांना आधार केंद्रावर पाठवणं हे समितीचं सगळ्यात उपयोगी काम. त्यात कोणाच्या सहीची वाट बघावी लागत नाही.

पद मंजूर आहे पण रिकामं आहे, अशी स्थिती असेल तर याच कायद्याचं कलम २६ लावा: रिक्त पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांवर जाता कामा नयेत. शिक्षक आहेत पण वर्गावर नसतात, त्यांना दुसऱ्या कामाला जुंपलंय, तर कलम २७: जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून अन्य अशैक्षणिक काम देता येत नाही.

१०. उत्तर आलं नाही तर

महिनाभर वाट बघा, एक स्मरणपत्र द्या, त्यात पहिल्या पत्राचा आवक क्रमांक लिहा. त्यानंतर दोन वाटा आहेत आणि दोन्ही एकदम धरता येतात.

पहिली, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार. विषयातच कलम लिहा. बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो न पटल्यास अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे.

दुसरी, माहिती अधिकार. जोडपत्र 'अ', १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. 'दुरुस्ती का झाली नाही?' असं विचारू नका, 'का' म्हणजे माहिती नव्हे असं म्हणून अर्ज निकाली निघतो. मागा ते कागद: आवक क्रमांक अमुक या पत्रावरील टिपणीची प्रत, पूर्वगणनपत्रकाची प्रत, कार्यादेशाची प्रत. ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. शिवाय २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे स्थानिक संस्थांच्या कार्यालयात दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात कागद पाहायला मिळायला हवेत. जाताना त्या निर्णयाची प्रत खिशात ठेवा.

लोकशाही दिनात, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात त्या दिवशी, शाळेचा विषय नेताना जपून. तिथे तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. समितीच्या नावाने अर्ज गेला तर तो परत येतो.

११. काम सुरू झालं की

कार्यादेशाची आणि कामाच्या यादीची प्रत मागून घ्या. ठेकेदाराचा माणूस येईल तेव्हा एक पालक तरी तिथे असावा, हुज्जत घालायला नव्हे, यादीशी ताडायला. यादीत सहा नळ आणि बसले चार, तर ते मोजमाप पुस्तिकेत नोंद होण्याआधी उपअभियंत्याला लेखी कळवा. बिल निघाल्यावर ओरडून उपयोग नाही. काम पुरं झाल्याच्या कागदावर मुख्याध्यापकांची सही घेतात. सगळे नळ सोडून, सगळी दारं आतून लावून बघितल्याशिवाय त्यांनी ती करू नये.

दोषदायित्व कालावधी किती महिन्यांचा ते निविदेच्या कागदात लिहिलेलं असतं. ती तारीख मुख्याध्यापकांच्या कॅलेंडरवर आणि समितीच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. तेवढ्या काळात काही निखळलं, गळलं तर त्याच ठेकेदाराने फुकट दुरुस्त करायचं असतं. ती तारीख उलटायच्या महिनाभर आधी एक शेवटची फेरी मारा, पावसाळ्यात मारता आली तर फारच बरं.